खुळ्या बेतांची वही

माझ्या सुनेनं फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ या वीस महिन्यांत तान्ह्या मुलीला घेऊन ऐषारामी सहलीला जायचे अकरा बेत आखले. त्यांतले दहा मोडले. सोसायटीतल्या शहाण्या माणसांनी तिला खुळी ठरवलं. एकदा कुकरची शिट्टी आणि बाळाचं रडणं एकदमच सुरू असताना मीही तिला तसं म्हटलं. तो शब्द मी परत घेत नाही, खुळेपणाच होता तो. पण त्या वीस महिन्यांत आमच्या घरात त्याच्याइतकी उपयोगी पडलेली दुसरी गोष्ट नव्हती, ऑक्सिमीटर धरूनही. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिते.

बेतांसाठी एक वही होती, साधी शंभर पानी. पुढच्या बाजूनं नातीच्या दुधाच्या आणि झोपेच्या वेळा, लसींच्या तारखा. वही उलटी केली की मागच्या बाजूनं सहली. मध्यरात्री दूध पाजून झालं की नात खांद्यावरच झोपायची, पण खाली ठेवली की जागी व्हायची. मग सून तिला तशीच खांद्यावर घेऊन एका हातानं लिहीत बसायची. त्यामुळे मागच्या बाजूचं अक्षर तिरकं आहे.

ऐषारामी सहल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे संगमरवर आणि झुंबरं येतात. टाळेबंदीतल्या बाळंतिणीचा ऐषाराम वेगळा होता. नात झाल्यावर महिनाभरातच मालिशवाल्या बाईंचं येणं बंद झालं, धुण्याभांड्याच्या बाईंना गेटवरून आत सोडेनात. शेक-शेगडी, धुरी, नातीचं न्हाणं, दुपटी, लंगोट, तिघांचा स्वयंपाक, हे सगळं आम्ही दोघींनी केलं. मुलगा दिवसभर लॅपटॉपपुढे बसलेला असायचा, संध्याकाळी भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवून धुवायचा. अशा घरातल्या बाईला दुसऱ्या कुणी तरी पिळून वाळत घातलेलं दुपटं हवंसं वाटलं, तर तिला ऐषाराम म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त कळत होतं, असंच मी म्हणेन.

पहिला बेत मालदीवचा, मे २०२० चा. तिकिटं फेब्रुवारीतच काढलेली, दवाखान्यातून घरी आल्याच्या आठवड्यात. नातीच्या पासपोर्टसाठी मार्चअखेरची तारीख मिळाली होती. पासपोर्टच्या फोटोत पार्श्वभूमी पांढरी हवी, डोळे उघडे हवेत आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. महिन्याचं बाळ मान धरत नाही. पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो काढायला दोन दिवस गेले. फोटो झाला, आणि २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ तारखेपासून टाळेबंदी. विमानं थांबली. तिकिटांचे पैसे कंपनीकडे ‘क्रेडिट’ म्हणून अडकले. पुढे १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यात अशा क्रेडिटची मुदत ३१ मार्च २०२१ पर्यंत ठरली आणि त्याचं मूल्य आधी दरमहा अर्धा टक्का, नंतर पाऊण टक्का वाढेल असं ठरलं. मी बँकेत एकतीस वर्षं काढली आहेत. पाऊण टक्क्यानं वर्षाला नऊ टक्के पडत होते, त्या वर्षी मुदतठेवीला एवढे मिळत नव्हते. शहाण्यांनी मार्च २०२० मध्ये काय केलं हेही मी पाहिलं आहे. त्यांनी साबण साठवले.

३० मे २०२० ला केंद्राचा आदेश निघाला. ६५ वर्षांवरची माणसं, आधीचा आजार असलेले, गर्भवती स्त्रिया आणि १० वर्षांखालची मुलं यांनी गरजेच्या आणि वैद्यकीय कामाखेरीज घरीच राहावं. आमच्या घरात मी ६६ वर्षांची, मुलाला मधुमेह, नात साडेतीन महिन्यांची. आदेशानं घराबाहेर पडायला मोकळी अशी एकटी सून उरली, आणि ती अंगावर पाजत होती. अख्खं घर एका वाक्यात बसवणारा सरकारी कागद मी नोकरीतही पाहिला नव्हता. सुनेनं तो आदेश वहीत उतरवून घेतला आणि खाली लिहिलं: ‘गोवा. जुलै.’

गोवा २ जुलैला पर्यटकांना उघडणार होता. हॉटेल पर्यटन खात्यानं मान्य केलेलं हवं, आधी आरक्षण हवं, आणि चाचणीचा दाखला हवा, नाहीतर पोचल्यावर चाचणी. देशातली विमानं २५ मे पासून सुरू झाली होती, पण एका प्रवाशाला एकच मोठी बॅग. तोंडावर शील्ड, आणि मधल्या खुर्चीवरच्या माणसाला वरून गुंडाळायचा झगा. सुनेचा प्रश्न सरळ होता. विमान वर चढताना आणि त्याहून जास्त उतरताना बाळाचे कान दडे बसून दुखतात. त्या वेळी त्याला गिळायला लावायचं, म्हणजे पाजायचं. आईची खुर्ची मधली असेल तर झगा, मास्क, शील्ड एवढं घालून पाजायचं कसं?

तिनं हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या एकाला एक लावल्या. खिडकीकडे मी, कडेला मुलगा, मध्ये ती. झगा म्हणून मुलाचा रेनकोट उलटा घातला. शील्ड खरंच होतं, औषधाच्या दुकानातून आणलेलं. मुलानं घड्याळ लावून पंचवीस मिनिटांची उतरण मोजली. पहिल्या दिवशी नातीनं शील्ड पकडून ओढलं आणि इलॅस्टिक तुटलं. दुसऱ्या दिवशी रेनकोटच्या सळसळीनं ती दचकली. चौथ्या दिवशी ती प्यायली, झोपली, आणि आम्ही तिघंही खुर्च्यांवर तसेच बसून राहिलो. कुणी उठेना. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती. मला त्या क्षणी आपण ठाण्यात आहोत असं वाटलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. गोव्याला गेलो नाही. रुग्ण वाढत गेले आणि सुनेनंच आरक्षण रद्द केलं.

हॉटेलांसाठी आरोग्य मंत्रालयाचे नियम जूनमध्ये आले होते, तेही वहीत आहेत. जेवणाचं पाकीट खोलीच्या दाराशी ठेवायचं, हातात द्यायचं नाही. सामान खोलीत नेण्याआधी निर्जंतुक करायचं. मुलांच्या खेळण्याच्या जागा बंद. वातानुकूलन २४ ते ३० अंशांच्या दरम्यान. पोहण्याचे तलाव तर देशभर बंदच होते. मी हे वाचून दाखवलं आणि म्हटलं, “अगं, मग पैसे कशाचे द्यायचे?” ती म्हणाली, “आई, २४ ते ३० म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचंच तापमान. आणि जेवण दाराशी येणार आहे.” त्या वर्षी दाराशी आयतं जेवण येण्यासाठी कुणी पंचतारांकित भाडं मोजलं असतं, तर ते मला महाग वाटलं नसतं.

एक फरक मात्र मला करायचा आहे, कारण लोक तो करत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये, जिल्ह्यांच्या सीमा बंद असताना, एका धनाढ्य घराण्यातले आणि त्यांच्यासोबतचे मिळून २३ जण पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले, बड्या अधिकाऱ्याचं पत्र घेऊन. त्यावरून राज्यभर गदारोळ झाला. त्या दिवसांत मजूर मुलांना कडेवर घेऊन मुंबई-नाशिक महामार्गानं चालत चालले होते. गाड्यांतल्या त्या लोकांना कुणी खुळे म्हटलं की मला राग येतो. ती मुजोरी होती. खुळ्या माणसाकडे पत्र नसतं. तो प्रत्येक नियम वाचतो, उतरवून घेतो, त्याच्या आत बसेल असा बेत आखतो, आणि नियम बदलला की बेत मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. माझ्या सुनेनं दहा बेत मोडले, नियम एकही नाही.

पुढच्या बेतांतले काही भराभर सांगते. २ सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागेनासा झाला, तेव्हा अलिबागचा बंगला ठरला. निघायच्या आदल्या दिवशी आमचा मजला सील झाला. डिसेंबरात पुन्हा गोवा. तेव्हा गोव्याहून महाराष्ट्रात परतायला ७२ तासांतली आरटीपीसीआर चाचणी लागत होती. तान्ह्या मुलांचं काय, ते आम्हाला त्या सूचनेत सापडलं नाही, आणि एवढ्याशा नाकात काडी घालायला सून तयार नव्हती. शिवाय २२ डिसेंबरपासून शहरांत रात्री ११ नंतर संचारबंदी, आणि परतीचं विमान रात्रीचं.

फेब्रुवारी २०२१ चा बेत मला सगळ्यांत मोठा वाटतो. क्रेडिटची मुदत संपत आली होती, पासपोर्ट एकदाचा आला होता, म्हणून पुन्हा मालदीव. पाण्यावर खांब रोवून बांधलेली खोली, पुढे लाकडी ओटा, ओट्यावरून समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि कठडा नाही. नात तेव्हा वर्षाची, दुडदुडायला लागलेली. सुनेनं ओट्याची मापं मागवली आणि खडूनं आमच्या हॉलमध्ये तो ओटा आखला, जिन्यासकट. पलंगाच्या जागी गादी टाकली. नातीला गादीवर सोडलं, आणि मुलगा घड्याळ घेऊन उभा राहिला. गादीपासून समुद्रापर्यंत ती अकरा सेकंदांत पोचली. दुसऱ्यांदा नऊ. सुनेनं वहीत ‘९’ लिहून त्याला गोल केला आणि बेत रद्द केला. ती खोली कितीतरी आईबापांनी फोटो बघून घेतली असेल. नऊ सेकंद मोजणारी ती एकटीच खुळी निघाली. पैसे मार्चनंतर परत आले. १३ मे पासून मालदीवनंच भारतीय पर्यटकांना बंदी केली.

एप्रिल २०२१ मध्ये महाबळेश्वर ठरलं होतं, मेच्या पहिल्या आठवड्यात. १४ एप्रिलला राज्यात निर्बंध लागले, २२ ला आणखी कडक झाले, जिल्ह्यांच्या सीमा पुन्हा बंद. त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ गेला. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि मी दुसऱ्या जिल्ह्यात. मी मोबाइलवर पाहिलं. वहीच्या त्या पानावर फक्त तारीख आहे.

तेराव्या दिवसानंतर मी वही उघडली. तारखेच्या पुढच्या पानावर सुनेच्या त्याच तिरक्या अक्षरात दोन ओळी होत्या. ‘आईंना घेऊन समुद्राजवळ. पायऱ्या नकोत.’

हा दहावा बेत. तोही मोडला. जूनमध्ये निर्बंधांसाठी जिल्ह्यांचे पाच स्तर झाले, दर आठवड्याला स्तर नव्यानं ठरायचा आणि सून दर शुक्रवारी नवा स्तर वहीत मांडायची. पण मी सकाळी उठायला लागले ती त्या ओळींमुळे. उठून तिला विचारायचे, “आज कितवा स्तर?” आमच्या मजल्यावरचे एक शहाणे गृहस्थ त्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी रुग्णसंख्या आणि मृत्युसंख्या मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यांचे आकडे बरोबर असत. मला त्यांच्या आकड्यांनी कधी चहा करावासा वाटला नाही.

अकरावा बेत झाला. ऑक्टोबर २०२१, आम्हा तिघांचे दोन्ही डोस झालेले. भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रो बोटीत चढवली. ही बोट सुरू झाली १५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या आधी दहा दिवस. तीसुद्धा वाट बघणाऱ्यांपैकीच. तासाभरात मांडवा. अलिबागचा बंगला बैठा होता, एकही पायरी नाही, मागे छोटा तलाव. नातीनं तलावात पाय घालायला साफ नकार दिला आणि माळीदादांच्या घमेल्यात पाणी भरून त्यात दीड तास बसली. दुपटी तोवर जुनी होऊन फडकी झाली होती, पिळायला काही उरलंच नव्हतं. सून पहिल्या रात्री साडेनऊ तास सलग झोपली. दुसऱ्या कुणी तरी चहा करून दाराशी ठेवला. तो तिनं निवू दिला, उठलीच नाही. मी दोन्ही दिवस खुर्ची टाकून समुद्राकडे तोंड करून बसले.

वही माझ्या कपाटात आहे. पुढून लसींच्या तारखा येत गेल्या, मागून बेत येत गेले, आणि एका पानावर दोन्ही भेटतात. अर्ध्यावर दीड वर्षाच्या लसीची नोंद आहे, उलट्या अर्ध्यावर बंगल्याचा पत्ता. त्या दोन वर्षांचे रुग्णांचे आकडे सरकारनं जपून ठेवले आहेत. मोडलेले बेत कुठेच जपलेले नाहीत. तुमच्या घरी अशी एखादी वही, कॅलेंडरवर खोडलेली तारीख, न वापरलेलं तिकीट असेल, तर यंदाच्या दिवाळीच्या आवराआवरीत ते रद्दीत देऊ नका.