बंद करून चालू करू नका

घरात ‘नेट गेलंय’ अशी हाक आली की पहिला हात बटणाकडे जातो. बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा. मदत केंद्राला फोन लावला तरी पलीकडून हेच सांगतात. या उपायाशी माझं जुनं भांडण आहे. गेल्या मंगळवारी ते पक्कं झालं.

आमचं कराडचं घर तीन मजली. खाली भावाचं दुकान, मधे काका-काकू, वर आम्ही. नेटची जोडणी मात्र एकच. ती येते दुकानामागच्या खोलीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरला. त्याला दोन नेटवर्क कार्डं आहेत. एकात बाहेरची वायर, दुसऱ्यातून निघालेली वायर स्विचमध्ये, आणि स्विचमधून तिन्ही मजल्यांवर. त्यावर लिनक्स चालतं. घरचे फोटो आणि दुकानाच्या हिशेबाच्या प्रती तिथेच असतात, म्हणून सगळे त्याला सर्व्हर म्हणतात.

मंगळवारी पावसात दुपारी लाइट गेली ती संध्याकाळीच आली. इन्व्हर्टरची बॅटरी मधेच संपली आणि सर्व्हर बंद पडला. लाइट आल्यावर तो आपोआप उठला, पण वरच्या मजल्यांवर नेट नाही. पुतणीचा प्रवेशाचा फॉर्म रात्री बाराच्या आत भरायचा होता. भावाने सर्व्हर बंद करून चालू केला. काकांनी स्विच केला. पुतण्याने पुन्हा सर्व्हर. असं चार वेळा झालं. मी पोचलो तेव्हा पुतण्या वायफायच्या डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी घालायच्या बेतात होता.

त्या टाचणीला मी हात जोडतो. ते भोक म्हणजे दुसरं बंद-चालूचं बटण नव्हे. आतलं बटण काही सेकंद दाबून धरलं की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव, पासवर्ड, घरापुरती केलेली सगळी मांडणी पुसली जाते. मूळ बिघाड तसाच राहतो आणि त्याच्या शेजारी आपण आणलेला नवा बिघाड येऊन बसतो.

मी आधी सर्व्हरच्याच पडद्यावर एक बातम्यांची साइट उघडली. लगेच उघडली. म्हणजे बाहेरची वायर ठीक, कंपनीला फोन करायचं कारण नाही. मग वरच्या मजल्यावरचा लॅपटॉप. त्याला पत्ता मिळाला होता, १९२.१६८ ने सुरू होणारा. म्हणजे सर्व्हर पत्ते वाटतोय. हाच पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला असता तर वेगळी गोष्ट. पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही, म्हणून मशीनने स्वतःलाच एक लावून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा वायर, स्विच किंवा पत्ते वाटणारा प्रोग्राम बघायचा. लॅपटॉपवरून सर्व्हरला पिंग केलं. उत्तर आलं. बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग केलं. काही नाही.

अंगण झाडलेलं, रस्ता मोकळा, मधलं फाटक बंद.

पिंग हा प्रोग्राम अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूसने १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिला. नेटवर्क विचित्र वागत होतं, म्हणून एकाच संध्याकाळी. पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याने नाव दिलं. हाक मारायची, प्रतिसाद येतो का ऐकायचं, किती वेळाने येतो ते मोजायचं. चाळीस वर्षं उलटली तरी घरगुती बिघाडात माझा पहिला भरवसा त्याच्यावरच आहे, कारण तो काहीही बदलत नाही. बटण दाबलं की पुरावा जातो. पिंग फक्त विचारतो.

आता फाटक. लिनक्समध्ये ते एका आकड्यावर चालतं. ० असेल तर मशीन स्वतःसाठी आलेला मजकूर घेते आणि दुसऱ्यांसाठीचा सोडून देते. १ असेल तर एका कार्डावर आलेला मजकूर दुसऱ्या कार्डाने पुढे पाठवते. मुळात तो ० असतो, आणि हे बरोबरच आहे. १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमपत्रातच म्हटलंय की साध्या मशीनमध्ये ही सोय असलीच तर ती आरंभी बंद असावी. दोन कार्डं बसवली म्हणून कुठलाही कॉम्प्युटर न कळत रहदारीचा रस्ता होऊ नये.

मी गेल्या दिवाळीत तो आकडा १ केला होता, पण फक्त चालू मशीनच्या आठवणीत. सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवला नव्हता. चूक माझी. तेव्हापासून बॅटरीने प्रत्येक वेळी तग धरला, सर्व्हर कधी पुरता बंद झालाच नाही आणि चूक झाकून राहिली. मंगळवारी बंद पडून उठला तेव्हा आकडा ० वर आला. नंतरच्या प्रत्येक बंद-चालूने तो पुन्हा ० वरच आला. घरच्यांनी चार वेळा दिलेलं औषध हेच दुखण्याचं कारण होतं.

आकडा १ केला आणि या वेळी फाइलमध्येही लिहिला. पत्त्यांची अदलाबदल करणारा नियम नीट जतन झालाय का, तेही पाहिलं. नुसतं फाटक उघडून भागत नाही. १९२.१६८ चे पत्ते घरापुरते असतात, लाखो घरांत तेच. बाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच, ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये ही अदलाबदलीची युक्ती कागदावर मांडली गेली. सगळ्या घराचा मजकूर सर्व्हर स्वतःच्या बाहेरच्या पत्त्यावरून पाठवतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला वाटतो. नियम शाबूत होता. फॉर्म साडेदहाला गेला.

या वेळी दोष सर्व्हरचा निघाला, दर वेळी निघेल असं नाही. ८.८.८.८ उत्तर देतो पण साइटचं नाव टाकल्यावर काही उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, अडलेली असते. एका खोलीत चालतं, दुसऱ्यात नाही, आणि उद्या उलटं होतं, तर नवा आणलेला वायफायचा डबा शोधा. तोही स्वतःच्या अकलेने पत्ते वाटत असतो. एका घरात दोन पत्तेवाटे नांदत नाहीत. आमच्याकडे हे एकदा झालंय. दोन दिवस सगळे कंपनीला शिव्या देत होते, आणि कंपनीचा काही संबंध नव्हता.

पण माझी मंगळवारची खरी खंत वेगळी आहे. मी बाहेर होतो म्हणून एका मुलीचा फॉर्म पाच तास अडला. घरातली एवढी महत्त्वाची गोष्ट एकाच माणसाच्या डोक्यात असणं धोक्याचं आहे. गॅसचा कॉक कुठे आहे हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. मग हे का नसावं? नेटवर आता फॉर्म आहेत, पेन्शन आहे, डॉक्टरांचे रिपोर्ट आहेत. बुधवारी मी चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहून जिन्यातल्या मीटरच्या पेटीशेजारी चिकटवल्या: पत्ता कुठला मिळाला, सर्व्हर उत्तर देतो का, ८.८.८.८ देतो का, नावाने साइट उघडते का. खाली लाल शाईने: उत्तरं मिळेपर्यंत काहीही बंद करू नये. तिन्ही मजल्यांवर एकेकाला जवळ बसवून पिंग करायला लावलं. काकूंनी वहीत उतरवून घेतलं.

शनिवारी पुन्हा लाइट गेली. मी साताऱ्याला होतो. सातला काकूंचा फोन आला. “अरे, सर्व्हर उत्तर देतोय, ते आठ-आठपण देतंय. नावाने काहीच उघडत नाही. मी कशालाही हात लावला नाहीये, आता सांग.”