दप्तर, घागर आणि काटा

सरकारचा काटा मोठा नाजूक. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड दप्तर त्याच्या पाठीवर असता कामा नये, असं 21 जुलै 2015 च्या शासन निर्णयाने सांगून टाकलं. पोर तीस किलोचं, तर दप्तर तीन किलोचं. हिशेब चौथीतल्या मुलालाही जमावा इतका सोपा. तो जमवायची जबाबदारी मुख्याध्यापकांकडे आली. खिचडीचा तांदूळ ते मोजतच होते, त्यात दप्तराची भर पडली.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2016 मध्ये, चंद्रपुरात सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. आठ विषयांची सोळा वह्या-पुस्तकं, पाच ते सात किलो वजन आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. ओझं उतरलं नाही तर उपोषणाला बसू, असा इशाराही देऊन टाकला. बारा वर्षांच्या पोरांना राज्यकारभार नेमका कळला होता.

मग बालभारतीची पुस्तकं चार भागांत विभागली गेली आणि धड्यांमागे कोरी पानं आली, म्हणजे वहीच नको. 2023-24 च्या वर्षी हे जाड पुस्तक मुलांच्या हाती पडलं. मुलं पुस्तकही नेऊ लागली आणि वहीही. अखेर 28 जानेवारी 2025 ला कोरी पानं रद्द झाली. निदान ती कोरी तरी राहिली.

आता हा दहा टक्क्यांचा नियम बीड जिल्ह्यातल्या बालाघाट डोंगरावर नेऊन पाहावा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या वस्त्यांवर तिसऱ्या मजल्याची भानगड नाही. दप्तराचा एक पट्टा तुटलेला, त्याला सुतळीची गाठ. दोन्ही खांद्यांवर रुंद, गादीचे पट्टे असावेत, असं 2020 चं राष्ट्रीय दप्तर धोरण सांगतं; सुतळीबद्दल ते काही बोलत नाही.

दप्तर अडकवण्याआधी सातवीतली पोरगी पाण्याच्या दोन खेपा करून आलेली असते. प्लॅस्टिकची पंधरा लिटरची घागर भरली की पंधरा किलो. पोरगी तीस किलोची धरली तर सरळ पन्नास टक्के! पण घागर दप्तर नव्हे, आणि बोअर काही शाळेच्या आवारात नाही. त्यामुळे नियमभंग होत नाही. खांदा तोच, मणका तोच; खातं मात्र वेगळं.

तसा काटा काय चीज आहे, हे बीडच्या पोरांना कुणी शिकवायला नको. दिवाळी उरकली की मुकादमाच्या उचलीपायी आई-बाप ‘कोयता’ होऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. सरकारी कागदावर ते दोन मजूर असतात, मुकादमाच्या वहीत एक कोयता. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि कारखान्याच्या काट्यावर वजन किती भरलं ते कारखान्याने सांगायचं. काटामारीची तक्रार दर हंगामात ठरलेली.

गावात आजी-आजोबा असले, हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं, तर पोर मागे राहतं. नाहीतर तेही ट्रॅक्टरवर चढतं: भांडी, बाजरीचं पोतं, करडू आणि धाकटं भावंड यांच्यामध्ये. फडात गेलं की कोपी राखायची, धाकट्याला कडेवर घ्यायचं, वाढे गोळा करायचे. कडेवरच्या भावाचं वजन किती टक्के, हे कोणत्याच परिपत्रकात नाही.

दप्तर बहुधा गावाकडेच राहतं, बंद घरातल्या खुंटीला. मार्च-एप्रिलपर्यंत त्याचा पाठीवरचा भार शून्य. दहा टक्क्यांचा नियम जिल्ह्यात इतका काटेकोर दुसरं कोणतंच दप्तर पाळत नाही.