राजमान्य राजश्री इनोगाशिरा गोरो यांसी

राजमान्य राजश्री इनोगाशिरा गोरोसाहेब, परदेशी शोभिवंत मालाचे व्यापारी, मुक्काम टोकियो, यांचे सेवेसी —

कृतानेक नमस्कार विनंती विशेष. आपण मुळात अस्तित्वातच नाही. मासायुकी कुसुमी नामक लेखकाने आपणास कल्पिले, जिरो तानिगुची नामक चित्रकाराने आपल्या अंगावर कोट चढवून गळ्यात टाय बांधला आणि युताका मात्सुशिगे नामक नटाने आपणास हाडामांसाचा देह दिला, एवढ्या क्षुल्लक सबबीवर आपण या फिर्यादीचा जबाब टाळाल, ही शंका मनात आहेच. परंतु ज्या कचेरीत मी चौतीस वर्षे कारकुनी केली, तेथे अस्तित्वात नसलेल्या इसमांच्या नावे आलेले टपालसुद्धा आवक-बारनिशीत रीतसर चढवून मगच दप्तरी दाखल होत असे. तेव्हा अस्तित्वाचा मुद्दा आपण न काढलेला बरा.

आपला परिचय भाचीमुळे घडला. जपानी भाषा शिकण्याची परंपरा पुण्यात जुनी आहे, आणि ती शिकणारी मुले अभ्यास म्हणून मांगा वाचतात, म्हणजे निदान मामाला तरी तसे सांगतात. ‘कोदोकु नो गुरुमे’, म्हणजे एकट्याने जेवणारा रसिक खवय्या, हे तिच्या पिशवीतले पुस्तक मी उलट्या बाजूने उघडले, म्हणून प्रथम आपण तृप्त होऊन बाहेर पडताना भेटलात आणि मग भुकेलेले दिसलात. आश्चर्य असे की, त्याने काहीच बिघडले नाही. १९९४ ते १९९६ या काळात ‘पांजा’ मासिकात आपण प्रकट झालात, १९९७ साली अठरा प्रकरणांचे पुस्तक निघाले आणि दुसरे निघायला २०१५ साल उजाडले. एवढ्या अवधीत आमच्याकडील लेखकाची षष्ट्यब्दी, गौरवग्रंथ आणि त्या ग्रंथावरचा वाद, सारे आटोपून जाते.

पहिल्याच प्रकरणात आपण सान्या या रोजंदारीच्या मजुरांच्या वस्तीत, अंगावरच्या सुटाबुटाने अवघडून, एका साध्या खाणावळीत शिरता. डुकराचे परतलेले मांस आणि भात मागवता, जोडीला सूप मागवता, आणि ताट पुढे आल्यावर आपल्या ध्यानात येते की, सुपातही डुकराचेच मांस आहे. झुणका मागवावा, त्यावर कढी मागवावी आणि पहिल्या भुरक्यासरशी उमगावे की, दोहोंकडे बेसनच! ही चूक आमच्याकडे रोज लाखो लोक करतात आणि ढेकर देऊन उठतात. आपण मात्र तिच्याकडे एखाद्या सेनापतीने फसलेल्या मोहिमेकडे पाहावे तसे पाहिलेत, आणि तानिगुचींनी ते पाहणे अशा निष्ठेने रेखाटले की, भिंतीवरची पदार्थांची पाटी, वाफ, शेजारच्या माणसाची वाकलेली पाठ, यांतले काहीही त्यांना गौण वाटले नाही. ज्या हाताच्या गौरवार्थ फ्रेंच सरकारने २०११ साली सन्मान दिला, तो हात वाटीभर सुपासाठी इतका राबवून घेणे ही उधळपट्टी नव्हे काय? (तानिगुची २०१७ साली निवर्तले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.) कुसुमींची मात्र ही खोड जुनी. १९८१ साली ‘गारो’ मासिकात त्यांनी हारुकी इझुमींच्या चित्रांसह एक गोष्ट लिहिली होती. तीत रात्रीच्या गाडीत बसलेला, ओव्हरकोट घातलेला एक गंभीर पुरुष शेवटपर्यंत एवढाच विचार करतो की, डब्यातला कोणता घास आधी खावा.

मग जानेवारी २०१२ मध्ये टीव्ही टोकियोने आपली मालिका केली आणि आमच्या घरातली शांतता संपली. मंडळींनी विचारले, “कथानक काय?”

“त्याला भूक लागते.”

“मग?”

“मग तो जेवतो.”

“आणि पुढच्या भागात?”

“पुन्हा भूक लागते.”

यावर त्यांनी आपल्या नित्याच्या मालिकेकडे, जिथे गेली दोन वर्षे एकच लग्न मोडत आहे, अशा काही अभिमानाने मोहरा वळवला की, मला प्रत्युत्तर सुचले नाही. आपण काम उरकून रस्त्याने निघता, एकाएकी थबकता, पोट रिकामे असल्याची कबुली स्वतःशीच देता, आणि कॅमेरा तीन उड्यांत मागे सरून अफाट शहरात आपणास एकटे उभे करतो. या तीन उड्यांत किती नाट्य आहे, ते ज्याला स्वतः पाहिल्यावाचून कळत नाही, त्याला सांगून तरी कसे कळावे? पुढे आपण तोंड मिटून चावत राहता आणि बोलते ते केवळ आपले मन.

हे मला अगदीच अपरिचित होते असे नाही. आमचे आजोबा जेवताना मौन पाळीत. चित्राहुती घालून झाली की, मीठ हवे तर बोट, ताक हवे तर भुवई, आणि आमटी साधली तर एक हुंकार, एवढ्यावर त्यांचा सारा कारभार चाले, आणि त्या हुंकाराची वाट पाहत आजी दाराशी उभी असे. आपण घासापूर्वी हात जोडता तेव्हा मला ते आठवतात. फरक इतकाच की, आजोबांचे मन त्या वेळी काय बोलत होते, ते ऐकवणारा कोणी कुसुमी आम्हाला लाभला नाही.

आता मुख्य कलमाकडे येतो. आपली मालिका मध्यरात्रीच्या सुमारास दाखवीत, आणि त्या वेळी प्रेक्षकांच्या पोटात जो वणवा पेटे, तशा प्रकाराला जपानी लोक ‘मेशितेरो’, म्हणजे अन्नाचा दहशतवाद, म्हणतात. ती आपत्ती टाळावी म्हणून मी आपणास रात्रीच्या जेवणाबरोबर पाहू लागलो. पहिल्याच भागात आपण मोन्झेन-नाकाचो येथील एका गुत्त्यात शिरलात, दारूला स्पर्श न करता चहा मागवलात, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाचे पाहून कच्च्या ढोबळ्या मिरचीत कोंबडीच्या खिम्याचा गोळा भरून खाल्लात. त्या वेळचा आपला चेहरा! आपण पहिला घास घेतलात तेव्हा माझे ताट भरलेले होते. आपण शेवटचा घेतलात तेव्हा ते रिकामे होते, आणि मधल्या काळात माझ्या हाताने काय केले, ते त्या हातालाच ठाऊक. मंडळींनी विचारले, “भाजी कशी झाली होती?” मी म्हणालो, “ढोबळी मिरची उत्तम.” त्यानंतरच्या शांततेत मला कळून चुकले की, आमच्या घरात त्या दिवशी ढोबळी मिरची नव्हती.

या नुकसानीची जबाबदारी आपण घ्यावी, अशी माझी पहिली मागणी आहे. दुसरी, पुस्तकातल्या ओयामा येथील प्रकरणासंबंधी. तेथे खाणावळीचा मालक परदेशी विद्यार्थी-नोकराला गिऱ्हाइकांदेखत घालूनपाडून बोलत होता; आपला घास तोंडातच फिरू लागला, आपण त्याला तसे सुनावले, आणि तो अंगावर आला तेव्हा त्याचा हात पिरगाळलात. फार वर्षांपूर्वी एका उपाहारगृहात मालकाने फडके नीट न मारल्याबद्दल एका पोऱ्याच्या कानशिलात लगावली, तेव्हा मी समोरच्याच मेजावर होतो. मी मिसळ संपवली, वर पाव मागवला. आपले ते पान वाचेपर्यंत हा प्रसंग माझ्या स्मरणातून पार गेला होता, आणि तो तेथेच गेलेला राहिला असता तर माझी काही हरकत नव्हती.

तिसरी मागणी नव्हे, आमंत्रण आहे. आपण तैवानला जेवलात, कोरियात जेवलात, पॅरिसलाही जाऊन आलात. एकदा इकडे यावे. येथे आपणास एकटे जेवू देतील याची हमी मात्र मी देऊ शकत नाही. वाढपी ताटावर आडवा धरलेला आपला हात चुकवून वाटी भरील, आणि शेजारचा अनोळखी गृहस्थ आपण कोणत्या गावचे, मुले किती, याची चौकशी करील. आपण नुसता हुंकार द्यावा. तो कसा द्यायचा, हे आपणास शिकवायला नको.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक फिर्यादी प्रेक्षक

ता. क. — त्या रात्री भाजी कसली होती, हे मंडळींनी अद्याप सांगितलेले नाही.