चाकूची जबानी

आजोबांचा घडीचा चाकू माझ्या वाटणीला आला. घर, शेत आणि तांब्याचा बंब यांच्या वाटण्या होऊन गेल्यावर उरलेलं काहीतरी मलाही द्यायला हवंच होतं. एक मोठं पातं, एक बोटाच्या पेराएवढं, खरखरीत तपकिरी मूठ आणि भरपूर गंज. देताना मोठ्या काकांनी आवाज खाली आणला. "जपून ठेव. सत्तावन्नच्या बंडात चाललेला आहे हा."

आमच्या घराण्यात पराक्रम कमी, पराक्रमाची हौस दांडगी. पूर्वज ओळीने कारकून. मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यापलीकडे कुणी कसला गड चढलेला नाही. त्यामुळे निदान एक तरी हत्यार घरात निघावं, असं काकांना मनापासून वाटतं.

रविवारी रॉकेलचा बोळा आणि भिंग घेऊन बसलो. चाकूची ओळख पटवायची तर धारेकडे बघून उपयोग नसतो. पातं मुठीत शिरतं तिथे, बुडाशी, कारखान्याचा शिक्का असतो. गंज निघाला तशी अक्षरं वर आली: जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड. शेजारी चांदणी आणि क्रूस.

"ही चांदणी-क्रूसाची खूण १६८२ साली नोंदवलेली आहे," मी म्हणालो.

"सोळाशे ब्याऐंशी!" काका खुर्चीतून उठले. "म्हणजे शंभूराजांच्या वेळचा!"

खूण तेव्हाची, चाकू तेव्हाचा नव्हे, हे त्यांच्या गळी उतरवण्यात एक चहा गेला. दुसरा चहा मुकुटाने खाल्ला. शिक्क्यात मुकुट होता आणि त्याच्या दोन बाजूंना जी आणि आर. रॉजर्स मंडळी १८२२ पासून राजघराण्याचे चाकूवाले, त्यामुळे गादीवर जो असेल त्याचं आद्याक्षर पात्यावर. १८५७ साली गादीवर व्हिक्टोरिया. तिचं व्ही असायला हवं होतं. जी म्हणजे जॉर्ज. चौथा म्हणावा तर तो १८३० सालीच वारला, आणि चाकू काही तेवढा म्हातारा दिसत नव्हता. राहिला पाचवा, नाहीतर सहावा. पाचवाच मुळी १९१० साली गादीवर आला. सत्तावन्नचं बंड असं एका अक्षराने मोडून निघालं.

काका बधले नाहीत. "मग बेचाळीस! पत्री सरकार! दादा तेव्हा साताऱ्यातच होते."

दादा म्हणजे आजोबा. ते साताऱ्यात होते हे खरं. पण चाकूला खटका नव्हता. रामपुरीचं पातं उघडलं की अडकून बसतं, म्हणून तर १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमारला त्या चाकूवरून एवढं सुनावता आलं. आमच्या चाकूत नुसती कमान. पातं नखाने उघडायचं, आणि टोकावर जोर पडला तर ते मिटायचं, तेही धरणाऱ्याच्या बोटांवर. असला चाकू घेऊन दादा गोऱ्या सोजिरावर धावून गेले असते, तर जखमी एकच झाला असता.

मुठीचंही तसंच. ती सांबरशिंगाची निघाल्यावर काकांनी लगेच दादांना शिकारी केलं. सांबराची शिंगं दरवर्षी आपोआप गळतात. ती आपल्याकडून शेफील्डला जायची आणि मुठी होऊन परत विकायला यायची. गंजाचा खुलासाही शेफील्डनेच केला. न गंजणारं पोलाद तिथल्या हॅरी ब्रियर्लीने १९१३ साली काढलं, आणि आमचा चाकू त्यातला नव्हता.

"आणि हे?" काकांनी शेवटचा पुरावा पुढे केला. लहान पात्याच्या खाचेत काहीतरी तांबूस, टणक साकळलं होतं. "वाळलेलं रक्त!"

मी कोमट पाणी सोडलं. रक्त विरघळलं आणि माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली.

"डिंक आहे तो," इतका वेळ शेंगा सोलत बसलेली आत्या म्हणाली. "आणि दादांचा कुठला? आईचा चाकू. दादा बोरू तासून झाला की टाकून द्यायचे, मग आईने तो उचलला. टपालखात्याने १९५० साली ती निळी आंतर्देशीय पत्रं काढली ना, त्यांच्यासाठी. लहान पातं कडेखाली सरकवलं की कागद न फाटता सुटायचा."

"आईला वाचता कुठे येत होतं?" काका म्हणाले.

"ती नुसती उघडायची. वाचायचे मी. डिंकही मीच लावायचे."

आतून काकू बाहेर आली. तिच्या हातात उलथनं होतं.

"माझ्या माहेरची पत्रं?"

"दोघी वहिनींची," आत्या म्हणाली. तिच्या मते हा न्याय होता.

"म्हणजे पाटल्या माहेरीच ठेव, सासरी बोलू नकोस, असं आईने लिहिलं होतं ते..."

"अक्षर छान होतं हो तुमच्या आईचं."

"तरीच त्या दिवाळीला सासूबाईंनी बरोबर पाटल्याच मागितल्या!" काकू नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं हे?"

काकांनी घाईघाईने भिंग उचललं आणि तो जी खरंच जीच आहे का, हे ते नव्याने तपासू लागले.