पद्मिनीची ओटी

पुरुषाचा जीव गाडीत का अडकतो, याचा तपास बहुधा व्हिएन्नाची माणसंच करतात. अर्नेस्ट डिक्टर तिथलेच. अमेरिकेत जाऊन १९३९ च्या सुमारास त्यांनी प्लिमथ मोटारींसाठी गिऱ्हाइकांच्या मनात डोकावून पाहिलं आणि सांगितलं, की उघड्या टपाची गाडी पुरुषाला प्रेयसीसारखी वाटते. तिला बघायला तो शोरूममध्ये शिरतो आणि बाहेर पडतो तो बंद टपाची, बायकोसारखी गाडी घेऊन. पुढे २००८ साली व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की माणसं गाडीच्या तोंडावरून तिचा स्वभावही ठरवतात. दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे तोंड. फ्रॉइडच्या गावचं पाणीच तसं असावं.

डिक्टरसाहेबांचा हिशेब आमच्या घरी मात्र चुकला. माझी प्रीमिअर पद्मिनी चार दारांची, बंद टपाची, अगदी सोज्वळ संसारी गाडी. तरी बायको तिला पहिल्या दिवसापासून ‘सवत’ म्हणते.

यात माझा दोष कमी, गाडीचा जास्त. मूळची ही इटलीची फियाट अकराशे. कुर्ल्याच्या कारखान्यात घडायची, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीसेक घोड्यांची, त्यातले निम्मे कायम रजेवर. पण ते गोल डोळे! दार उघडलं की येणारा रेक्झिन आणि पेट्रोलचा मिसळलेला वास! स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा नुसता ढकलून भागत नाही. मनगट सैल सोडून तिचा कल ओळखावा लागतो, मग आत कुठेतरी ‘खट्’ होतं आणि माझ्या अंगावर शहारा येतो. सकाळी चोक किती ओढायचा, हे रोज नव्याने विचारावं लागतं. नवी गाडी बटण दाबलं की कुणाचंही ऐकते. ही दुसऱ्या कुणाच्या हाती सुरूच होत नाही (माझ्या हातीही नेहमी होतेच असं नाही). ऑफिसात माझ्यावाचून काही अडत नाही, घरात तर मुळीच नाही. इथे अडतं. एवढ्यावर माणूस भाळतो, डिक्टर काहीही म्हणोत.

मे महिन्यात ठाण्याचं लग्न उरकून आम्ही पुण्याला परतत होतो. एक्स्प्रेसवेवर ट्रकसुद्धा तिला हॉर्न देतात, म्हणून जुना रस्ता धरला. खोपोली सुटली, बोरघाट लागला.

“दमलीस का गं? थोडंच राहिलंय,” मी म्हणालो.

“मी कुठे दमलेय?”

“तुला नाही.”

बायको बराच वेळ दरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकायचं राहिलं तुमचं.” आणि पद्मिनीने आचका देऊन प्राण सोडला.

इंजिन फार तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने बॉनेटखाली नजर टाकून निदान केलं, “काका, पंपाला ओलं फडकं गुंडाळा.”

फडकं होतं. पण ते तिची काच पुसायचं, मऊ, पिवळं. त्याला ऑइल लागलं असतं. माझा हात आपोआप आहेराच्या पिशवीत गेला आणि बायकोला मिळालेला हिरवा खण बाहेर आला. बाटलीतलं उरलंसुरलं पिण्याचं पाणी त्यावर ओतून मी तो पंपाला नीट, चुण्या न पाडता गुंडाळला.

“नारळ पण आहे पिशवीत,” मागून शांत आवाज आला. “तांदूळ टेम्पोवाल्याकडे मिळतात का बघा. सवतीची ओटी अर्धवट नको.”

टेम्पोवाला नको इतका हसला. बायको त्याच्याच टेम्पोत बसून लोणावळ्याला गेली. मी पोचलो तेव्हा तिचा चहा आणि चिक्कीची खरेदी, दोन्ही उरकलं होतं. पुढच्या प्रवासात मी गाडीशी एक शब्दही बोललो नाही. गाडीला काय वाटलं असेल, हा विचार मात्र पुण्यापर्यंत सुटला नाही.

पद्मिनीचा पेट्रोल पंप, मूळचा आणि चालू स्थितीतला, कुणाकडे पडून असेल तर कृपया कळवा. हिरवा खणही हवा आहे, तो आधी. निरोप घरच्या फोनवर ठेवू नये.