घाटातला फुकट चहा

फुकट चहा म्हटलं की आमचे साडू दिनकरराव सावध होतात. उभी हयात बँकेत गेलेली. जगात फुकट काही मिळत नाही आणि मिळालंच तर त्याचा हप्ता मागून येतो, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे जपानमध्ये मागोमे आणि त्सुमागो या दोन गावांमधल्या घाटात पायी येणाऱ्याला चहा पाजतात आणि त्याचे पैसे मागत नाहीत, हे कळल्यापासून त्यांना चैन नव्हतं. "काहीतरी गळ्यात मारणार बघा," एवढंच ते म्हणत होते.

हा रस्ता नाकासेन्दो. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, डोंगराडोंगरांतून क्योटोला जाणारा. वाटेत ६९ मुक्काम. सम्राटाची बहीण काझुनोमिया १८६१ साली शोगुनाशी लग्न करायला क्योटोहून याच वाटेने निघाली होती. आम्ही त्यातला जेमतेम आठ किलोमीटरांचा तुकडा चालणार होतो. बॅगा सकाळी मागोमेत दिल्या की दुपारी त्सुमागोत मिळतात. "तिच्या वरातीलाही हीच सोय असणार, फक्त हमाल जास्त," सौ. म्हणाली आणि हातातली पर्सही देता येते का, याची चौकशी करून आली.

मागोमे हे शिमाझाकी तोसोन या कादंबरीकाराचं गाव. त्याच्या घराच्या जागी आता स्मारक आहे. तिथे जायचं ठरलं होतं, पण समोरच काठीवर थापलेला भात अक्रोडाचा मसाला लावून निखाऱ्यावर भाजत होते. साहित्य मागे पडलं.

गाव संपलं की जंगल, आणि जंगलात अस्वलं. म्हणून वाटेत ठिकठिकाणी पितळी घंटा टांगल्या आहेत. त्या वाजवायच्या, म्हणजे अस्वलाला आपली चाहूल लागते आणि ते बाजूला होतं. दिनकररावांचा हात घंटेला लागला की दुसरा आपोआप छातीशी जातो, डोळे मिटतात. पहिल्या घंटेला त्यांनी असा यथासांग नमस्कार केला. मागून एक जर्मन जोडपं येत होतं. इथली रीतच असावी असं समजून त्यांनीही घंटा वाजवून डोळे मिटले, हात जोडले. पुढच्या घंटेपाशी तर ते आधी बूट काढू लागले. त्यांचा गैरसमज दूर करण्याइतकं जर्मन आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं.

सुमारे ८०० मीटर उंचीचा माथा ओलांडून थोडं उतरलं की ते चहाघर येतं. दोन मुक्कामांच्या मधल्या विसाव्याच्या जागांपैकी ही एक. इथे पूर्वी सात घरं होती, त्यातलं हे उरलं. आत मातीची जमीन, मधोमध चुलाणा, वरून लोंबणाऱ्या आकड्याला काळीठिक्कर किटली. वर माळा नाही, त्यामुळे धूर थेट छपरात जातो आणि वासे डांबर फासल्यासारखे दिसतात. शेजारी ओसरीवर बसायला जागा. एका आजोबांनी आमचा देश विचारला, "इंदो!" म्हणून मान डोलावली आणि हातात हिरव्या चहाचे पेले ठेवले.

दूध नाही, साखर नाही. सौ.ने आल्याची वाट पाहिली, तेही आलं नाही. पण चढून आलेल्या माणसाला तो कडसर गरम घोट काय लागतो, ते चढून आल्याशिवाय कळत नाही. आम्ही दुसरा पेला घेतला.

दिनकरराव मात्र पेला हातात धरून दाराकडे बघत होते. आता गालिचे दाखवतील, मग एखादी योजना समजावून सांगतील. कोणी काही आणलं नाही. आजोबांनी त्यांच्या पेल्यात चहा ओतला. कोपऱ्यात एक लहानशी पेटी होती. इच्छा असेल तर टाका, नसेल तर चालू लागा. याने ते फारच अस्वस्थ झाले. किंमत लिहिलेली असती तर घासाघीस तरी करता आली असती. "कमीत कमी किती टाकायचे?" त्यांनी खुणेने विचारलं. आजोबा हसले आणि परत चहा ओतला.

फुकट काही मिळत नाही हे दिनकररावांचं मत खरं ठरवणारी जागा तिथे शेजारीच निघाली. चहाघराला लागूनच लाकडाची तपासणीचौकी होती, १८६९ पर्यंत. किसोच्या या रानातली हिनोकीसारखी पाच जातींची झाडं तोडायला रयतेला बंदी होती आणि एका झाडाला एक मुंडकं असा हिशेब सांगत. हिनोकीच्या बारक्या फांदीवरसुद्धा परवानगीचा डाग आहे की नाही, हे चौकीवाले बघत. दिनकररावांनी चढासाठी वाटेत उचललेली काठी हळूच भिंतीला टेकवून ठेवली.

खाली त्सुमागोत घरं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत असा गावकऱ्यांनी १९७१ साली ठराव केला आणि तो पाळला. पुण्याच्या वाड्यांवर आम्ही त्यानंतर बरंच बोललो. ते इथे नको.

जाणार असाल तर मागोमेकडून निघा. त्सुमागोकडून चढ जवळजवळ दुप्पट पडतो. आणि खिशात सुटे येन ठेवा. पेटी मागत नाही, पण सरपण कोणीतरी विकत आणतंच.