थंडरची जबाबदारी

कुणाच्याच हद्दीत नसलेला मासा पकडणाऱ्या कंपनीवर काही जबाबदाऱ्या असतात, आणि ‘थंडर’च्या मालकांनी त्या त्यांच्या परीने चोख पाळल्या. पहिली बारशाची. जहाज एकच, पण रुबिन, टायफून, कुको अशी नावं बदलत ते थंडरपर्यंत आलं. दुसरी झेंड्याची. मधे काही काळ तो मंगोलियाचा होता. मंगोलियाला समुद्रकिनारा नाही, पण इतक्या बारीकसारीक गोष्टीत कोण शिरतं?

जाळ्यांचं मात्र जरा जमलं नाही. अंटार्क्टिकाभोवती टूथफिश माशासाठी गिलनेट जाळी टाकायला बंदी आहे. मेलं, कायदा करणाऱ्यांना तिथली थंडी कुठे सोसायची असते! डिसेंबर २०१४मध्ये सागरी जीव वाचवणाऱ्या सी शेफर्ड संस्थेचं ‘बॉब बार्कर’ जहाज आडवं आलं, तेव्हा थंडर जाळी तिथंच टाकून पळालं. सत्तरेक किलोमीटर जाळी त्या संस्थेच्याच दुसऱ्या जहाजानं उपसून काढली. समुद्र साफ ठेवणं ही बहुधा इतरांची जबाबदारी.

पाठलाग ११० दिवस चालला. ६ एप्रिल २०१५ला साओ टोमेजवळ थंडर बुडालं. पाणी नीट शिरावं म्हणून आतली दारं उघडी बांधून ठेवलेली. कप्तानानं म्हणे जल्लोष केला. पुराव्यांची इतकी काळजी कोण घेतो? जहाजावरच्या चाळीस जणांना वाचवलं पाठलाग करणाऱ्यांनीच.

तिथल्या कोर्टानं शिक्षा दिली कप्तानाला आणि दोन इंजिनिअरांना. मालक जहाजावर नव्हते. जबाबदार माणसं, वेळेवर घरी असतात.